फुलांच्या मॅक्रोसाठी: एक्स्टेन्शन ट्यूब घ्यावी की थेट मॅक्रो लेन्स?

गोकर्णी:

नमस्कार मंडळी. माझ्याकडे कॅननचा क्रॉप (लहान) सेन्सरवाला डीएसएलआर आहे. सोबत १८-५५ ची किट लेन्स, ५५-२५० आणि ५० मिमी एफ/१.८, तिन्ही एसटीएम (मोटरवर फोकस होणाऱ्या). सध्या फुलांचे फोटो काढायचा नाद लागलाय. पूर्ण फूल बरं येतं, पण जास्वंदीचे पुंकेसर, सदाफुलीचा मधला डोळा किंवा घाणेरीच्या गुच्छातलं एकच फूल टिपायला गेलं की लेन्स नुसती मागेपुढे फिरत राहते, फोकस काही होत नाही. मागे सरकले तर फूल इवलंसं दिसतं.

एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी नळी, घ्यायचा विचार आहे. साधी पोकळ ट्यूब चालेल की कॉन्टॅक्टवालीच (विजेचे संदेश पोचवणारी) घ्यावी? माझ्या तीनपैकी कोणत्या लेन्सवर ती लावावी? की हे सगळं सोडून सरळ ६० किंवा १०० मिमीची मॅक्रो घ्यावी?

तिपाई:

गोकर्णी, लेन्सचं नंतर बघू. आधी एक पट्टी घ्या आणि फोटोत जे आडवं मावायला हवं ते किती मिलिमीटर आहे ते मोजा. तुमचा सेन्सर साधारण २२ मिमी रुंद आहे. २२ ला त्या मापाने भागलं की किती मॅग्निफिकेशन (सेन्सरवरचं चित्र प्रत्यक्ष वस्तूच्या किती पट) लागणार ते कळतं, आणि निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

जास्वंद दहा सेंटिमीटरची असेल तर ०.२२ पुरे. तुमची किट लेन्स ५५ मिमीला अगदी जवळून ०.३६ पर्यंत जाते, म्हणजे सहा सेंटिमीटरची चौकट भरते. पूर्ण फुलासाठी काहीही विकत घ्यायची गरज नाही. सदाफुली चार सेंटिमीटरची धरली तर ०.५५ च्या आसपास लागेल, तिथे किट लेन्स कमी पडते. घाणेरीचं एकच फूल मात्र जेमतेम सात-आठ मिलिमीटरचं. त्याला एकास एक, म्हणजे 'लाइफ साइज'च हवं, आणि तरीही चौकटीचा तिसरा हिस्साच भरेल.

ट्यूबमध्ये काच नसते. ती लेन्सला सेन्सरपासून दूर नेते, बस्स. त्यामुळे जवळचं फोकस होतं आणि लांबचं सुटतं. वाढ किती होईल याचा हिशेब सोपा आहे: ट्यूबची लांबी भागिले फोकल लेंथ. ५० वर २५ ची ट्यूब लावली तर ०.५ ची भर. तीच ट्यूब २५० मिमीला लावली तर फक्त ०.१. आणि किट लेन्सच्या १८ मिमीच्या टोकाला लांब ट्यूब लावली तर फोकसचा बिंदू लेन्सच्या आतच जातो, समोर काहीही ठेवलं तरी स्पष्ट दिसणार नाही. तुमच्या पेटीतली ट्यूबसाठी योग्य लेन्स एकच, ५० एफ/१.८.

साधी पोकळ ट्यूब घेऊ नका, हे मी अगदी ठामपणे सांगतो. कॅननच्या ईएफ लेन्सचं ॲपर्चर (प्रकाश आत सोडणारं छिद्र) बॉडीकडून येणाऱ्या विजेच्या संदेशावर चालतं. शिवाय एसटीएम लेन्सची फोकस रिंगही मोटरवरच चालते. कॉन्टॅक्ट नसले की रिंग कितीही फिरवा, आत काही हलत नाही, आणि ॲपर्चर एफ/१.८ ला सताड उघडं राहतं. एवढ्या जवळून एफ/१.८ ला स्पष्ट भाग पाव मिलिमीटरच्या आसपास मिळतो. एका परागकोशाची अर्धी बाजू दिसेल, बाकी सगळं धूसर. ज्यांच्याकडे ॲपर्चर रिंग असलेल्या जुन्या मॅन्युअल लेन्स आहेत त्यांना साधी ट्यूब खुशाल चालते. तुम्ही मात्र कॉन्टॅक्टवाला १२, २० आणि ३६ मिमीचा संच बघा. केन्कोचा असा संच प्रसिद्ध आहे.

प्रकाशाचंही लक्षात असू द्या. एकास एकला पोचता तेव्हा दोन स्टॉप प्रकाश कमी होतो, म्हणजे चौथा हिस्साच उरतो. कॅमेऱ्याचं मीटर ते आपोआप सांभाळतं, पण कॅननच्या स्क्रीनवर आकडा तोच राहतो. एफ/११ दिसत असलं तरी प्रत्यक्षात एफ/२२ सारखं काम चाललेलं असतं. म्हणून सगळं स्पष्ट यावं या हौसेने एफ/२२ लावू नका. डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) अख्खा फोटो मऊ पडतो, केसरांची धार जाते. मी फुलांसाठी एफ/८ ते एफ/११ च्या पुढे सहसा जात नाही.

एफ/८ ला, एकास एकवर, स्पष्ट भागाची जाडी अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची असते. तेव्हा कोनालाच सगळं महत्त्व येतं. जास्वंदीचा मधला दांडा बघा: टोकाला पाच लाल मखमली गोळे, त्या कुक्षी, आणि त्यांच्या खाली दांड्याभोवती पिवळे परागकोश. समोरून फोटो काढलात तर एकच गोळा स्पष्ट येईल. बाजूने, सेन्सर दांड्याला समांतर ठेवून काढलात तर त्याच एफ/८ ला कुक्षींपासून परागकोशांपर्यंतची ओळ एका पातळीत येते. सकाळी फूल नुकतं उमललेलं असताना परागकोशांवर परागकण सुटे सुटे दिसतात, अगदी गोल. जास्वंदीचे परागकण मोठे, दशांश मिलिमीटरच्या घरातले, त्यामुळे एकास एकवर ते वेगवेगळे मोजता येतात. हे पहिल्यांदा स्क्रीनवर मोठं करून बघाल तेव्हा पूर्ण फुलाचे फोटो काही काळ बाजूलाच पडतील.

मंदप्रकाश:

तिपाईंशी सहमत. फक्त ५५-२५० ला इतक्या लवकर बाजूला सारू नका. लांब लेन्सला ट्यूब फळत नाही, पण क्लोज-अप लेन्स उत्तम फळते. पुढे फिल्टरसारखी फिरवून बसवायची. कॅननची ५००डी आहे, दोन काचांची, +२ डायॉप्टर ताकदीची, आणि ती ५८ मिमीच्या फिल्टर मापातही येते, म्हणजे तुमच्या लेन्सला बसेल. २५० मिमीला, लेन्सचा फोकस अनंतावर (सर्वांत दूर) ठेवून, ०.५ मिळतं आणि फूल लेन्सपासून अर्धा मीटर लांब राहतं. फुलावर मधमाशी असेल तर ती सहसा उडत नाही. ट्यूबसारखा प्रकाशही जात नाही.

एकच काच असलेले +१, +२, +४, +१० असे स्वस्त संच मिळतात, ते टाळा. कडांना जांभळी-हिरवी किनार येते. पांढऱ्या फुलांवर तर ती लगेच डोळ्यांत भरते.

गोकर्णी:

दोघांचेही मनापासून आभार. पट्टी घेऊन कुंड्यांपाशी जाऊन आले, सदाफुली ३८ मिमी भरली! आता दोन शंका. पुढे कधी मॅक्रो घेतलीच तर ६० की १००? आणि हे सगळं हातात धरून जमेल का, की ट्रायपॉड लागेलच?

तिपाई:

माझं मत १०० ला. काचेची गुणवत्ता दोन्हींची छान आहे, फरक पडतो तो अंतराचा. एकास एकला कॅननची ईएफ-एस ६० सेन्सरपासून २० सेंटिमीटरवर फोकस करते आणि १०० ची ३० वर. हे आकडे सेन्सरपासूनचे, लेन्सच्या तोंडापासूनचे नाहीत. त्यातून बॉडी आणि लेन्सची लांबी वजा करा, मग ६० समोर उरतात साधारण नऊ सेंटिमीटर, १०० समोर तेरा-चौदा. ऐकायला थोडंच वाटतं, पण फुलापाशी तेवढ्याने लेन्सची सावली पडायची थांबते आणि बाजूने पांढरा कागद धरून उजेड टाकायला जागा मिळते. ५० आणि ट्यूबचीही हीच अडचण आहे: एकास एकला समोर दहा सेंटिमीटरही उरत नाहीत.

दुसरं म्हणजे मागचा पसारा. १०० चा कोन अरुंद, त्यामुळे फुलामागची पानं-काटक्या चौकटीत कमी शिरतात. कॅमेरा दोन बोटं सरकवला तरी पार्श्वभूमी एकसारखी हिरवी करता येते. फुलांसाठी मला हे स्पष्टतेइतकंच मोलाचं वाटतं. आणि ईएफ-एस ६० फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) डीएसएलआरवर बसत नाही, तेही ध्यानात ठेवा.

हाताने ०.५ पर्यंत जमतं, शटर १/२५० च्या वर ठेवायचं. त्यापुढे ट्रायपॉड. लेन्समधल्या स्टॅबिलायझरवर फार विसंबू नका. १०० एल आयएसचं (कॅननच्या स्टॅबिलायझरवाल्या १०० मॅक्रोचं) स्टॅबिलायझेशन एरवी चार स्टॉपचं असलं तरी एकास एकला दोनच स्टॉपचं उरतं, हे कॅननच सांगते. आणि वाऱ्याने हलणाऱ्या फुलाला कुठलाही स्टॅबिलायझर थांबवू शकत नाही. एकास एकला फूल एक मिलिमीटर हललं की सेन्सरवरचं चित्रही एक मिलिमीटर हलतं. देठाला शेजारी रोवलेल्या काडीचा आधार द्या. चिमट्याने अगदी अलगद पकडा, देठ चेंगरू नका.

ऑटोफोकस बंद करा. लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं थेट चित्र) दहा पट मोठा करा आणि रिंग न फिरवता कॅमेराच पुढेमागे सरकवून फोकस लावा. रिंग फिरवली की मॅग्निफिकेशनही बदलतं आणि चौकट बिघडते.

पानगळ:

मिररलेसवाल्यांसाठी (ज्यांच्या कॅमेऱ्यात आरसा नसतो) जोड: तिथे बहुतेक लेन्सची फोकस रिंग इलेक्ट्रॉनिकच असते, त्यामुळे कॉन्टॅक्ट नसलेली ट्यूब अजूनच निरुपयोगी. आणि ट्यूबवर जड लेन्स लावत असाल तर प्लॅस्टिकची माउंट टाळा. जोडावर लेन्स खाली झुकते आणि फोकसची पातळी तिरपी होते.

गोकर्णी:

ठरलं, १२-२०-३६ चा कॉन्टॅक्टवाला संच. सदाफुलीला यातली कोणती लावू?

तिपाई:

५० वर २० ची. त्यात लेन्स अनंतावर असताना ०.४ आणि सर्वांत जवळ साधारण ०.६ मिळतं, तुमचं ३८ मिमीचं फूल याच पट्ट्यात येतं. नुसता मधला डोळा हवा असेल तर ३६ लावा. घाणेरीच्या एका फुलाला ३६ आणि १२ एकत्र, म्हणजे एकास एक आणि थोडं वर. मात्र ट्यूब बदलताना कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे ठेवा. फुलांजवळ हवेत पराग असतात, ते सेन्सरवर चिकटले की एफ/११ ला प्रत्येक फोटोत ठिपके दिसतात.