हमाल आणि मांत्रिक: याला प्रेम म्हणायचं का?

गोरेवाडावाली
रविवारी नागपुरात, धरमपेठेतल्या आमच्या वाचनगटात एका मैत्रिणीनं तिची अप्रकाशित दीर्घकथा वाचून दाखवली. दौलत हा कळमन्याच्या बाजारातला हमाल. खांदा निखळल्यापासून मुकादम त्याला कामावर घेत नाही. शेवटी तो फुटाळा तलावापलीकडच्या भैरव या मांत्रिकाकडे पाणी भरायला जातो. अख्खं शहर भैरवला टरकून असतं, कारण तो कुठल्याही वस्तूतलं वजन काढून घेऊ शकतो. दोघांचं जमतं. लिहिलंय सुंदर, पण मला ते प्रेम वाटलंच नाही. डोक्यावर छप्पर भैरवचं, पोटात भाकर भैरवची. अशा माणसाचा होकार हा होकार कसा धरायचा? दोन पुरुष आहेत म्हणून माझी हरकत नाही, ते तर सुप्रीम कोर्टानं २०१८ सालीच गुन्ह्यातून काढलंय. हरकत उपाशी माणसाकडून घेतलेल्या 'हो'ला आहे.

महालचा वाचक
मीही होतो रविवारी. अजिबात पटलं नाही. आपल्या कथांत हमाल येतो तो भूक घेऊन, नाहीतर दारू घेऊन. त्याच्यावर कोणी जीव लावलाय असं किती वेळा वाचलंत? तेलाचा प्रसंग आठवा. भैरव मोहाचं तेल कोमट करतो, आधी स्वतःच्या मनगटावर थेंब टाकून बघतो आणि मगच त्या खांद्याला हात लावतो. उपाशी माणसाला प्रेम करायचा हक्कच नाही, असं होतंय तुमचं.

सिव्हिल लाइन्स
मी गोरेवाडावालींच्या बाजूनं. मांत्रिक आपल्याकडे नुसता कल्पनेतला नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ चा. जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला त्याच डिसेंबरात, इथल्याच हिवाळी अधिवेशनात. अंगात विशेष शक्ती आहे असं सांगून शरीरसंबंध ठेवणं हा त्यात गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. असल्या माणसाला नायक करताना हात थरथरायला हवा.

महालचा वाचक
त्याच कायद्याची अनुसूची पुढं वाचा ना. अमका करणी करतो असं पसरवून त्याचं जगणं मुश्किल करणं, हाही त्यात गुन्हाच आहे. भैरवनं कोणाला लुबाडलं, फसवलं असं कथेत कुठं आहे? उलट त्याच्या दारात लिंबू-मिरच्या टाकून लोकच पळतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण 'घेऊन जा गे मारबत' ओरडत सगळी इडापीडा काळ्या मारबतीवर ढकलतो आणि तिला जाळतो. ती निदान पुतळा आहे. या शहरानं जिवंत माणसाची मारबत केलीय.

इतवारीची लेक
माहे बाबा इतवारीत हमाल होते. मानेच्या मांगं घट्टा पडला होता, हात लावला तं चामड्यासारखा लागे. मले जे पटलं ते तुमच्यातलं कोणी बोललंच नाई. भैरव मोठ्या प्रेमानं पोत्यातलं वजन काढून टाकते अन् दौलत रडाले लागते. "आता मजुरी कशाची मागू?" म्हणते. माह्या बाबानंबी हेच म्हटलं असतं. १९६९ चा माथाडी कायदा हमालाले मजुरी देते, पीएफ देते, पण उचलाले ओझंच नसंन तं त्याले कोण इचारते? मंग भैरव ते वजन परत ठेवते अन् पोत्याचं एक टोक सोता धरते. त्याले धड धरताबी येत नाई, बोटं सोलून निघतात. मले तं थेच प्रेम वाटलं.

सिव्हिल लाइन्स
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पण भैरवबद्दलची भीती माझ्या मनातून जात नाही.

गोरेवाडावाली
ताई, तुम्ही म्हणता तो प्रसंग मी कालपासून डोक्यात घोळवतेय. टोक धरलं तेव्हा दोघं बरोबरीचे झाले, मान्य. पण त्याआधीचे चार महिने? पाणी भरल्याचे पैसे दौलतच्या हातात पडताना कुठंच दिसत नाहीत. पैसे खिशात असते, उठून जाता आलं असतं आणि तरी तो राहिला असता, तर मी एका शब्दानं बोलले नसते. मैत्रिणीला आज फोन करून हेच विचारणार आहे.

इतवारीची लेक
इचारा. बाबाले शनिवारी हिशोब भेटे. भैरवनंबी शनिवारीच द्यावा म्हणा, अन् पयल्या शनिवारपासून.