आइस्ड हर्बल चहा: उकळून की रात्रभर थंड पाण्यात भिजवून?

झाकण_पातेलं

सध्या एक कृती सगळीकडे फिरते आहे. बाटलीत गवती चहा, पुदिना, आल्याच्या चकत्या टाकायच्या, साधं पाणी भरायचं, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं आणि सकाळी गाळून प्यायचं. माझं स्पष्ट मत आहे की या पद्धतीने गवती चहा आणि आलं दोन्ही वाया जातं. गवती चहाचं पान चिवट आणि तंतुमय असतं, वास त्याच्या आतल्या तेलात असतो. ते तेल थंड पाण्यात फार हळू उतरतं. सकाळी हातात येतं ते हिरवट वासाचं पाणी. आलंही थंड पाण्यात नुसतं चुरचुरतं, उकळल्यावर येणारा ऊबदार तिखटपणा त्यात येत नाही.

माझी पद्धत अशी, साधारण १ लिटरसाठी:

पाणी ६०० मिली. गवती चहाची ८-१० पाती कात्रीने बोटभर लांबीची कापून खलबत्त्यात जरा चेचून घ्या. आलं १० ग्रॅम ठेचून. दोन्ही गार पाण्यात घालूनच गॅसवर ठेवा, उकळी आली की आच मंद करून झाकण ठेवून ५ मिनिटं. गॅस बंद केल्यावर मगच पुदिन्याची १५-२० आणि तुळशीची १० पानं टाका, पुन्हा झाकण, ५ मिनिटं. गाळा. गरम असतानाच ५० ग्रॅम साखर विरघळवा. मग ४०० ग्रॅम बर्फावर एकदम ओता. लिंबू शेवटी, गार झाल्यावर.

झाकण विसरू नका. स्वयंपाकघरात गवती चहाचा घमघमाट सुटला, तर तेवढा वास पातेल्यातून गेलेला असतो.

मिंटमाळी

गवती चहा आणि आल्याबद्दल मान्य. पण मग धाग्याचं शीर्षक 'गवती चहा उकळावा का' असं हवं होतं. हर्बल चहा म्हणजे फक्त त्याच दोन गोष्टी नव्हेत. पुदिन्याला उकळतं पाणी लागलं की पाच-सात मिनिटांत पान काळपट पडतं, चहाचा रंग तपकिरी होतो आणि मागे कडवट चव राहते. गॅस बंद करून टाकला तरी ९० अंशांच्या पुढचं पाणी ते काम करतंच. गुलाबपाकळ्या, काकडी, बडीशेप, पुदिना यांना फ्रिजमधली रात्र उकळीपेक्षा कितीतरी जास्त मानवते.

१ लिटर उकळून गार केलेलं पाणी, पुदिन्याची ३०-४० पानं हातांनी फक्त एकदा दाबून (वाटून नाही), काकडीच्या ४ चकत्या, अर्धा चमचा बडीशेप अर्धवट कुटून. काचेच्या झाकणाच्या बरणीत ८ तास. गाळताना पानं पिळायची नाहीत, पिळली की पाणी गढूळ होतं. बर्फ जवळजवळ लागतच नाही, त्यामुळे चव पातळ होण्याचा प्रश्नच नाही.

मापात_सगळं

बर्फाचा आकडा धागाकर्त्याने बरोबर दिला आहे, पण का ते सांगितलेलं नाही, आणि बहुतेकांचं तिथेच बिघडतं.

१ ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता ओढतो. गाळून झाल्यावर ५०० मिली चहा साधारण ८० अंशांवर असतो. तो १० अंशांवर आणायचा तर ३५,००० कॅलरी काढून घ्यायला हव्यात. वितळलेलं पाणी शून्यावरून १० अंशांपर्यंत तापतं ते धरून हिशोब केला तर जवळपास ३९० ग्रॅम बर्फ लागतो. म्हणजे चहात जवळजवळ त्याच्याइतकंच पाणी मिसळणार. म्हणून चहा दुप्पट दाट काढायचा. पिण्याइतका दाट चहा करून त्यावर बर्फ टाकला की पाणचट होणारच.

घरच्या ट्रेचा एक खडा १५ ते २० ग्रॅमचा असतो, म्हणजे २० ते २५ खडे. दोन ट्रे रिकामे होतात. एवढा बर्फ नसेल तर गाळलेल्या चहाचं पातेलं परातीत गार पाण्यात ठेवून मधूनमधून ढवळा, पाणी एकदा बदला. चहा ३५ अंशांपर्यंत उतरला की त्याच ५०० मिलीला १५० ग्रॅम बर्फ पुरतो. मग मात्र तेवढ्याच पानांना सुरुवातीलाच पाणी ८०० मिली घ्या, नाहीतर उलट फार उग्र होईल. बर्फही त्याच प्रमाणात वाढवायचा.

झाकण_पातेलं

@मिंटमाळी, चवीचं एक वेळ सोडा, स्वच्छतेचं काय? पुदिना वाढतो जमिनीलगत, चिखलात. उकळीत जे जंतू मरतात ते थंड पाण्यात मरत नाहीत. फ्रिज त्यांची वाढ फक्त मंद करतो. त्यात आपल्याकडचे उन्हाळे. मराठवाड्यात, विदर्भात भर मे महिन्यात वीज चार तास गेली की फ्रिजचं आतलं तापमान कुठे जाईल? ५ ते ६० अंश हा जंतू वाढण्याचा पट्टा. गच्चीवर उन्हात बरणी ठेवून चहा करण्याचे व्हिडिओ तर याहून वाईट. उन्हात पाणी तापतं, पण जंतू मरण्याइतकं नाही. ते तासन् तास त्याच पट्ट्यात राहतं.

मिंटमाळी

उन्हातल्या बरणीला माझाही विरोध आहे, ती पद्धत कुणीच करू नये. फ्रिजचा मुद्दाही खरा आहे, पण त्यावर उपाय आहे. पानं वाहत्या पाण्यात दोन-तीनदा धुवा, जुडीचे मुळाकडचे दांडे काढून टाका. मग उकळत्या पाण्यात १० सेकंद बुडवा आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. पानाच्या वरवरचे बरेचसे जंतू जातात, आणि पान काळं करणारे विकरही (एन्झाइम) निष्क्रिय होतात, त्यामुळे पुदिना दुसऱ्या दिवशीपर्यंत हिरवा राहतो. चहा २४ तासांत संपवायचा. वीज बराच वेळ गेली असेल तर ओतून द्यायचा. यात धोका उरत नाही असं म्हणणार नाही, पण धुतलेल्या कोथिंबिरीची कच्ची चटणी खाणाऱ्याने याला घाबरायचं कारण नाही.

वाळवलेली पानं मात्र थंड पाण्यात कधीच नाहीत. ती धुतलेली नसतात आणि किती दिवस कुठे पडून होती ते कळत नाही.

झाकण_पातेलं

१० सेकंदांच्या बुडीत पुदिन्याचा वरचा वास त्या पाण्यात जातो, जे तुम्ही फेकून देता. पानाचं तेल पृष्ठभागावरच्या बारीक ग्रंथींत असतं. म्हणजे ज्या नाजूक वासासाठी थंड पद्धत धरली, तोच आधी धुऊन काढला. आणि चटणी वाटून लगेच खातात, ती ८ तास पाण्यात बुडवून ठेवत नाहीत.

बोंडं_आणि_फुलं

दोघांनीही आंबट वनस्पतींचा विचारच केलेला नाही. अंबाडीची वाळलेली लाल बोंडं घ्या. विदर्भात त्यांचं सरबत होतं, इजिप्त-सुदानमध्ये याच बोंडांचा करकदे नावाचा चहा थंडही पितात, मेक्सिकोत ही पाण्यात उतरवून साखर घालतात. यांचा रंग आणि आम्ल थंड पाण्यातही छान उतरतं. १ लिटरला २० ग्रॅम बोंडं, फ्रिजमध्ये ८ तास. उकळलेल्या चहाला किंचित शिजलेल्या जामसारखी चव येते, थंड काढलेला ताज्या फळासारखा लागतो. @झाकण_पातेलं, तुमचा जंतूंचा मुद्दा इथे बराच सौम्य होतो, कारण हे पाणी इतकं आंबट असतं की बहुतेक जंतूंना त्यात वाढता येत नाही. बोंडं आधी झटपट धुऊन मात्र घ्या, माती असते.

एक गोंधळ कायम दिसतो. अंगणातल्या जास्वंदीची फुलं घालून 'आंबट का झाला नाही' असं लोक विचारतात. ती वेगळी वनस्पती आहे, तिच्या पाकळीत आंबटपणा नाही. रंगासाठी वापरायची तर देठाकडचा हिरवा भाग आणि मधला तुरा काढून फक्त पाकळ्या, गरम पाण्यात ३ मिनिटं. जास्त ठेवल्या किंवा हिरवा भाग राहिला तर चहा बुळबुळीत होतो. गोकर्णाचंही तसंच: हिरवा भाग काढून २५० मिली गरम पाण्याला ८-१० फुलं. लिंबू पिळलं की निळ्याचा जांभळा होतो. चव जवळजवळ नसतेच, म्हणून ती गवती चहासोबत घालावी.

अंबाडी ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ठेवू नका. स्टील किंवा काच. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी रोज मोठे ग्लास पिण्याआधी डॉक्टरांना विचारावं, अंबाडीने रक्तदाब उतरू शकतो. ज्येष्ठमधाचं उलटं, त्याने चढतो.

झाकण_पातेलं

अंबाडीबद्दल पटलं. वाळलेल्या बोंडांसाठी थंड पद्धत मान्य. पुदिन्यासाठी अजून नाही.

साधं_सरबत

कोकम, पन्हं, वाळ्याचं पाणी असताना दोन ट्रे बर्फ खर्चून काढा गार करायचा खटाटोप कशाला? वाळ्याची धुतलेली जुडी माठात टाकली की झालं.

मापात_सगळं

वाळ्याला विरोध नाही. पण माठ बाष्पीभवनावर चालतो. नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात पाणी छान गार होतं, मुंबईच्या आणि कोकणाच्या दमट हवेत जेमतेम. शिवाय पन्ह्यात साखर-गूळ बराच लागतो. हर्बल चहा बिनसाखरेचाही पिता येतो, मधुमेह असलेल्या घरात हा फरक मोठा आहे.

गोडाबद्दल: गार पेयात गोडी कमी जाणवते. गरम असताना चाखून बेताचा गोड लागला तर गार झाल्यावर फिका लागेल, त्यामुळे जरा जास्त गोड वाटेल इतका ठेवा. थंड पद्धतीत साखर तळाशी बसते आणि मध गोळा होऊन राहतो. तिथे समान वजनाच्या साखर-पाण्याचा पाक करून गार करून घाला.

नवा_किटली

माझा आल्याचा चहा गाळल्यावरही तळाशी पांढरा थर बसतो. खराब झालाय का?

मिंटमाळी

नाही. तो आल्यातला स्टार्च आहे. आलं किसून घातलं की जास्त येतो, चकत्या केल्या की कमी. अर्धा तास न हलवता ठेवा आणि वरचा निवळ अलगद ओतून घ्या. वास आंबूस आला, फेस दिसला किंवा पाणी तार धरल्यासारखं चिकट झालं, तर मात्र फेकायचा.

झाकण_पातेलं

यात माझी भर. उकळलेला चहा काचेच्या साध्या जगमध्ये गरम ओतू नका, जग तडकतो. आधी स्टीलच्या पातेल्यात बर्फावर ओता, गार झाला की जगमध्ये. फ्रिजमध्ये झाकून दोन दिवस. लिंबू पिळलेला साठवू नका, कडवट होत जातो. बर्फ जमवताना ट्रेवर झाकण हवं, नाहीतर मासळीचा आणि कांद्याचा वास बर्फाला लागतो आणि गवती चहात तो लगेच कळतो.

मिंटमाळी

बर्फाऐवजी थोडा चहाच ट्रेमध्ये गोठवला तर पातळ होण्याचा प्रश्न दोन्ही पद्धतींत मिटतो. पण ते खडे आधीच गार झालेल्या चहात टाकायचे, गरम चहावर नाही. आणि पुदिना मी फ्रिजमध्येच ठेवणार.