प्रोजेक्ट प्रदर्शनात चालत्या मॉडेलऐवजी व्हिडिओ चालवून घ्यावा का?

चिकटपट्टी (धागाकर्ता):
गेल्या आठवड्यात एका इंजिनिअरिंग कॉलेजात फायनल इयरच्या प्रोजेक्ट प्रदर्शनाला परीक्षक म्हणून गेलो होतो. 32 स्टॉल, त्यातल्या 11 जणांनी लॅपटॉपवर व्हिडिओ लावला. मॉडेल टेबलावर मांडलेलं, वायरी जोडलेल्या, पण बटण दाबायला कुणी तयार नाही. "सर, काल रात्रीपर्यंत चालत होता."

माझं मत स्पष्ट आहे, व्हिडिओ बंद करा. चाललं तर दाखवा, नाही चाललं तर मार्क विसरा. एका गटाचा प्रोजेक्ट मातीतली ओल बघून पंप सुरू करणारा. व्हिडिओ झकास. मी विचारलं, सेन्सर मातीत किती दिवस होता? "कालच खुपसला, सर." त्या दोन दातांच्या स्वस्त सेन्सरमधून सतत करंट वाहत राहिला की दात गंजतात आणि आकडे भरकटतात. ज्याने तो महिनाभर कुंडीत ठेवलाय त्याला हे कुणी सांगावं लागत नाही.

बॅकबेंचर_ईएनटीसी:
सर, परीक्षकाच्या खुर्चीवरून हे सोपं दिसतं. आमच्या हॉलमध्ये नऊ गटांकडे एचसी-05 हे ब्लूटूथ मॉड्यूल होतं. सगळ्यांचं नाव एचसी-05, सगळ्यांचा पिन 1234. शेजारच्या गटाच्या मोबाइलवरून आमची गाडी पळाली आणि थेट सरबताच्या टेबलाखाली गेली! लाइन फॉलोअरवाले, म्हणजे काळ्या पट्टीवरून चालणारा रोबो केलेले, खिडकीशी बसलेले. उन्हातल्या इन्फ्रारेडमुळे त्यांच्या सेन्सरला काळी पट्टी दिसेना. त्यात प्रमुख पाहुणे दहाला येणार होते ते पाऊणला उगवले, तोवर बॅटऱ्या उतरल्या. वर्षभर लॅबमध्ये चाललं ते खोटं आणि हॉलमधली चार मिनिटं खरी?

चिकटपट्टी:
ब्लूटूथचं नाव बदलायला एक एटी कमांड, म्हणजे मॉड्यूलला एका ओळीची सूचना, पुरते. नऊपैकी एकालाही सुचू नये?

बॅकबेंचर_ईएनटीसी:
सुचलं ना. प्रदर्शन संपल्यावर.

नाइलाजाने_गाईड:
मी शिकवतो, म्हणून दोन्हीकडून शिव्या खातो. आमच्याकडे प्रदर्शनाचा दिवस ठरतो तो नॅकच्या (कॉलेजांना ग्रेड देणाऱ्या संस्थेच्या) फाइलला जिओटॅग केलेले, म्हणजे जागेची नोंद असलेले, फोटो हवेत म्हणून. फोटोत मॉडेल चालू आहे की बंद, ते कळत नाही. तेव्हा व्हिडिओ ठेवा नाहीतर काढा, वरच्यांना काही फरक पडत नाही. मला पडतो, कारण ब्लॅक बुकवर, म्हणजे प्रोजेक्टच्या बांधीव रिपोर्टवर, सही माझी असते.

जुना_सीओईपीयन:
'नाही चाललं तर मार्क विसरा' हे पटत नाही. आमच्या कॉलेजच्या, पुण्याच्या सीओईपीच्या, पोरांचा 'स्वयम्' उपग्रह आठवा. जेमतेम किलोभराची वस्तू. काम 2008च्या सुमारास सुरू झालं आणि इस्रोच्या पीएसएलव्ही-सी34 रॉकेटमधून तो वर गेला 22 जून 2016 ला. मधल्या बॅचेस अर्धवट काम पुढच्यांच्या हाती देऊन पास झाल्या. तुमच्या नियमाने ते सगळे शून्यावर बाद.

चिकटपट्टी:
त्या पोरांना विचारलं असतं तर कुठली चाचणी का फसली ते तरी सांगता आलं असतं. मला 11 गटांत एकानेही सांगितलं नाही.

जुना_सीओईपीयन:
तुम्ही विचारलंत का? की व्हिडिओ दिसला आणि पुढच्या स्टॉलवर गेलात?

गल्लीतले_काका:
साहेब, पुण्यात तपकीर गल्लीत माझं सुट्या भागांचं दुकान आहे. मार्च लागला की पोरांची रीघ. "काका, आरएफआयडी हजेरीवाला तयार आहे का?" कार्ड टेकवलं की हजेरी लावणारा तो डबा तयार असतो. रिपोर्टसकट. तुम्ही व्हिडिओ बंद केलात तर माझा धंदा वाढेल, कारण विकतचा हमखास चालतो. बिघडतो तो स्वतः केलेला.

यंदा एक मुलगी जीएसएम मॉड्यूल (मोबाइलचं सिम घालून नेटवर्कला जोडायचं) तिसऱ्यांदा बदलायला आली. मॉड्यूल धडधाकट होतं. तिचं ते सिम800 मॉड्यूल नेटवर्क पकडताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत ओढतं, आणि ही त्याला अर्डुइनो कंट्रोलर बोर्डाच्याच पाच व्होल्टवर चालवत होती. वेगळा सप्लाय आणि मोठा कपॅसिटर लावायला सांगितलं. काउंटरवरच वहीत आकृती काढून घेतली तिने. प्रदर्शनात तिचं चाललं की नाही, कुणास ठाऊक. तुमच्या नियमात तिचं काय?

चिकटपट्टी:
काका, हे लागलं. खरं सांगायचं तर मी पहिला नंबर दिला तो आरएफआयडी हजेरीलाच. एकदाही अडकला नाही. पोरं घडाघडा बोलली.

गल्लीतले_काका:
निळा डबा? झाकणाला चार काळे स्क्रू, आणि डिस्प्लेवर आधी 'वेलकम', मग हजेरी?

चिकटपट्टी:
हो.

बॅकबेंचर_ईएनटीसी:
काका, तो केवढ्याला देता?