ओसुमींचा १९९३ चा पेपर आणि साईटेशनचा आकडा, गाईड निवडताना नेमकं काय बघायचं?

पेशीवेडी:
एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुण्यात. सेल बायोलॉजीत पीएचडी करायचीये, लॅब शोधतेय. सगळे सिनियर एकच सांगतात, आधी गूगल स्कॉलर उघड, एच-इंडेक्स बघ (किती पेपरना निदान तितकीच साईटेशन, म्हणजे इतरांच्या पेपरमधले उल्लेख, मिळालेत तो आकडा), कमी असेल तर मेलच करू नको. पण सेमिनारसाठी योशिनोरी ओसुमींचं वाचत होते, ऑटोफॅजीवाले, म्हणजे पेशी स्वतःचाच माल पचवून परत वापरते त्यावर काम केलेले, २०१६ चं मेडिसिनचं नोबेल एकट्याला मिळालेलं, आणि ज्याला त्यांचा मुख्य पेपर म्हणतात तो १९९३ चा, तो सेल किंवा नेचरसारख्या बड्या जर्नलमधे नाही, तर फेब्स लेटर्समधे, जेमतेम सहा पानं! स्वतःची लॅब मिळाली १९८८ ला, वयाच्या ४३ व्या वर्षी. म्हणजे आपली चाळणी लावली असती तर १९९० मधे त्यांच्याकडे कोणी गेलंच नसतं ना? मग रेकॉर्ड वाचायचं तरी कसं?

यीस्टवाला:
एच-इंडेक्स हिर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने २००५ मधे मांडला, तेव्हा १९९० मधे कोणी तो लावला नसता, पण तुमचा मुद्दा बरोबरच आहे. १९९३ चा पेपर एकटा वाचू नका, त्याच्या आधीचा १९९२ चा जर्नल ऑफ सेल बायोलॉजीतला काढा. यीस्टच्या व्हॅक्युओलमधे, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशवीत, प्रोटिएज म्हणजे प्रोटीन तोडणारी एन्झाईम्स असतात, ती आलेला माल लगेच पचवतात म्हणून काही दिसत नाही, तर ह्यांनी ती प्रोटिएज नसलेलं यीस्ट घेतलं, उपाशी ठेवलं, आणि व्हॅक्युओलमधे ऑटोफॅजीने आणलेल्या मालाचे गोळे साठत गेलेले साध्या लाईट मायक्रोस्कोपखाली दिसले! आता दिसतंय म्हटल्यावर कुठल्या म्यूटंटमधे, म्हणजे जीन बिघडलेल्या यीस्टमधे, ते दिसत नाही हे शोधता येतं, तेच १९९३ मधे केलं, १५ जीन्सचे म्यूटंट हाती आले. पेपरवर दोनच नावं, त्सुकादा आणि ओसुमी. मला हा पेपर फार आवडतो, प्रश्न इतका स्वच्छ विचारलाय की पानं कमी पडली असं वाटतच नाही.

सह्याद्री_बायो:
साईटेशनचं गणित वेगळं असतं हे लक्षात घ्या. ऑटोफॅजी हे नाव द दुव्ह यांनी १९६३ मधे दिलं पण त्यानंतर कितीतरी वर्षं त्यावर काम करणारे मोजकेच होते, आणि वाचणारेच नाहीत तर साईट कोण करणार. पुढे हेच जीन्स माणसातही आहेत हे कळलं, कॅन्सरवाले आले, न्यूरोवाले आले, २००५ ला ऑटोफॅजी नावाचं वेगळं जर्नलच निघालं, तेव्हा जुन्या पेपरचा आकडा चढला. पेपर तोच होता, गर्दी वाढली. उलटही होतं बरं का, ह्याच क्षेत्रात ऑटोफॅजी मोजण्याच्या पद्धतींची एक गाईडलाईन निघते, २०१६ च्या आवृत्तीला दोन हजारांहून जास्त लेखक आहेत आणि ती प्रचंड साईट होते, म्हणजे एखाद्याच्या प्रोफाईलवर सगळ्यात वर तीच दिसली तर त्यावरून त्याच्या स्वतःच्या लॅबबद्दल काही कळत नाही. मेथड पेपरचंही तसंच, प्रोटीन मोजायची लॉरीची पद्धत १९५१ ची, तिची साईटेशन तीन लाखांच्या पुढे.

मुलुंडकर:
हे सगळं पटतं, पण प्रॅक्टिकल बोलू का? फेलोशिपला, नोकरीला फॉर्मवर आकडे मागतात, मुलांनी काय सांगायचं की माझे गाईड पुढचे ओसुमी आहेत म्हणून? दहा वर्षांत एकही पेपर नाही अशा लॅबमधे पोरीला पाठवू नका. आकडा बघावा, फक्त तिथेच थांबू नये.

यीस्टवाला:
@मुलुंडकर मान्य, पेपर निघतायत का हे बघायलाच हवं. पण जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या पेपरना सरासरी किती साईटेशन मिळतात तो आकडा) घेऊन एखाद्या पेपरची किंवा माणसाची किंमत ठरवू नका, हे तर खुद्द सेल बायोलॉजीवाल्यांनीच सांगितलंय, २०१२ च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोला अमेरिकन सोसायटी फॉर सेल बायोलॉजीच्या मीटिंगमधे, त्यातूनच डोरा जाहीरनामा आला.

पेशीवेडी:
मग मी शॉर्टलिस्ट करताना उघडून बघायचं काय? आणि गूगल स्कॉलर आणि स्कोपस ह्या दुसऱ्या डेटाबेसचे आकडे वेगळे का येतात?

सह्याद्री_बायो:
स्कॉलर थीसिस, प्रीप्रिंट सगळं धरतं, स्कोपस निवडलेली जर्नल्स, पुस्तकं, कॉन्फरन्स पेपर एवढंच धरतं, म्हणून स्कोपसचा आकडा बहुतेक कमीच असतो. आणि नावं तपासा हं, एस. पाटील किंवा व्ही. कुलकर्णी असेल तर दोन-चार माणसांचे पेपर एकाच प्रोफाईलवर गेलेले असू शकतात, ऑर्किड (ORCID, संशोधकाचा स्वतःचा वेगळा ओळख-नंबर) असेल तर तिथून बघा.

यीस्टवाला:
आपल्याकडे शेवटचं नाव सहसा गाईडचं असतं आणि पहिलं ज्याने हाताने काम केलं त्याचं. तर गाईडचं नाव शेवटी असलेले गेल्या पाच-सहा वर्षांतले पेपर काढा आणि पहिलं नाव कोणाचं आहे ते बघा, पीएचडीच्या मुलांचं येतंय का, की एकाच पोस्टडॉकचं (पीएचडीनंतर लॅबमधे काम करणाऱ्याचं) परत परत. ती मुलं आता कुठे आहेत तेही शोधा. ओसुमींचा १९९८ चा नेचरमधला पेपर बघा, पहिलं नाव मिझुशिमा, तेव्हा पोस्टडॉक होते, आज ऑटोफॅजीत त्यांचं स्वतःचं मोठं काम आहे. योशिमोरीही त्याच लॅबमधून पुढे गेले. मग दोन पेपर पूर्ण वाचा, मेथडसकट, आणि मेलमधे त्यातल्याच एखाद्या आकृतीबद्दल विचारा. काय उत्तर येतं, किती दिवसांनी येतं, ते इथे नक्की सांगा.

पेशीवेडी:
थँक्यू सगळ्यांना. तीन लॅब डोक्यात आहेत, आज रात्री त्यांचे शेवटच्या नावाचे पेपर काढते. १९९२ चा पेपर आत्ताच डाउनलोड केला, त्यातले इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे फोटो काय सुंदर आहेत!