फॉइलच्या कचऱ्यापासून तुरटी: का करू नये?

केळफूल:
पावसाळ्यात आमच्या विहिरीचं पाणी चहासारखं होतं. आजी घागरीत तुरटीचा खडा दोनदा फिरवायची, सकाळपर्यंत गाळ तळाशी. इकडे पार्सलच्या अ‍ॅल्युमिनिअम डब्यांचा ढीग साठलाय. कॉलेजात फॉइल कॉस्टिक पोटॅश या जहाल अल्कलीमध्ये विरघळवून, वर सल्फ्युरिक अ‍ॅसिड घालून तुरटीचे स्फटिक काढले होते. १० ग्रॅम फॉइलची जास्तीत जास्त १७५ ग्रॅम तुरटी होते. लिटरला २० मिलिग्रॅम धरा, पावणेनऊ हजार लिटर पाणी निवळेल! सोसायट्यांनी हे का करू नये?

पळीपंचपात्र:
अर्धाच हिशोब मांडलात. त्या १० ग्रॅमला साधारण २१ ग्रॅम पोटॅश आणि ७३ ग्रॅम अ‍ॅसिड लागतं. म्हणजे कचरा चिमूटभर आणि विकतची रसायनं मूठभर. शिवाय हायड्रोजन सुटतो, शेजारी गॅस पेटलेला असला तर काय? तेच डबे धुऊन भंगारवाल्याला द्या. खनिजापासून नवं अ‍ॅल्युमिनिअम काढण्यापेक्षा जुनं वितळवायला जवळपास ९५ टक्के कमी ऊर्जा लागते. तुरटी किराणा दुकानात मिळते हो.

केळफूल:
तेलकट, चुरगळलेलं फॉइल आमचा भंगारवाला हातात धरत नाही. ते कचराडेपोतच जातं. मी त्याबद्दल बोलतेय.

गंजका खिळा:
दोघंही अ‍ॅल्युमिनिअमला चिकटून बसलात. नेपाळच्या तराईत बोअरच्या पाण्यात विषारी आर्सेनिक आहे. तिथल्या 'कांचन' फिल्टरमध्ये वाळूच्या वर चक्क लोखंडी खिळे पसरतात. खिळे गंजतात, आर्सेनिक त्या गंजाला चिकटतं आणि वाळूत अडकतं. अ‍ॅसिड नाही, भट्टी नाही. मला हे जास्त पटतं.

पळीपंचपात्र:
कल्पना सुंदर, पण सरसकट लागू पडत नाही. जिथे पाण्यात मुळातच लोह कमी आणि फॉस्फेट जास्त, तिथे आर्सेनिक हवं तेवढं उतरत नाही. तपासणीशिवाय पिणं म्हणजे देवावर हवाला. आणि घरातले जुने खिळे म्हणजे कुणाला रंग, कुणाला जस्ताचा मुलामा. कुठला खिळा टाकलात हे पाणी सांगणार नाही.

गंजका खिळा:
मुलाम्याचं मान्य. नवे साधे खिळे घ्यावेत. पण मग 'घरचा कचरा' कुठे राहिला, हाही प्रश्नच.

सांडगी मिरची:
मूळ मुद्दा राहिलाच. तुरटीनं गाळ बसतो, सगळे जंतू मरत नाहीत. निवळलेलं पाणी उकळायचं किंवा क्लोरीनचे थेंब टाकायचे. आणि कोल्ड्रिंकच्या कॅनला आतून प्लॅस्टिकसारखा लेप असतो, धातूत मँगनीज, मॅग्नेशिअम असतं. पिण्याच्या पाण्यात अ‍ॅल्युमिनिअमची भारतीय मर्यादा लिटरला ०.०३ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर ०.२. घरी ते मोजणार कशानं?

केळफूल:
बरं, पिण्याचं सोडा. गाडी धुवायच्या, बागेच्या टाकीतला गाळ बसवायला चालेल ना?

पळीपंचपात्र:
बागेला गढूळ पाणीच घाला की, ताई. गाळ झाडांना हवाच असतो.