अलिबागला टोमॅटोच्या पानांखाली बुरशी, करपा आहे का?

सिंहगडरोडकर: मी राहतो पुण्यात पण झाडं आईबाबांकडे अलिबागला आहेत. इथे गॅलरीत माझे टोमॅटो मस्त आले म्हणून जूनमध्ये हौसेने सहा रोपं तिकडे नेली, पडवीत कुंड्यांमध्ये लावली, पावसाची झड येऊ नये म्हणून बाहेरून प्लॅस्टिक पण बांधलं. आता आई रोज फोटो पाठवते, खालच्या पानांवर पिवळट डाग आणि पान उलटलं की शेवाळी रंगाची मखमल, बोटाला लागते. शेजारचे काका म्हणाले म्हणून दोनदा आंबट ताक मारलं, मग मी बेकिंग सोडा मारला, फरक शून्य, उलट पानांच्या कडा जळल्या. काय करू?

गच्चीवाली: करपा वाटत नाही हो. लवकर येणाऱ्या करप्यात तपकिरी डागात गोल गोल कडी दिसतात, उशिराच्या करप्यात डाग काळपट, पाणी प्यायल्यासारखे, खाली पांढरी लव आणि झाड काही दिवसांत बसतंच. तुमचा लीफ मोल्ड आहे, म्हणजे पानांवर येणारी एक वेगळी बुरशी. हा मुळात पॉलीहाऊसमधला रोग, आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर आणि हवा कोंडलेली असली की फोफावतो, आणि तुम्ही प्लॅस्टिक बांधून तेच करून दिलंय 😅 आधी ते सोडा. ताक, सोडा हे भुरीवरचे (पानांवर पांढरी पावडर येते तो रोग) उपाय, इथे नाही चालत. आई पाणी वरून घालतात का?

सिंहगडरोडकर: हो, पाईपने, पानं धुऊन काढते अगदी.

गच्चीवाली: मग झालंच. सकाळी फक्त मुळाशी द्या, तेही माती सुकली तरच. खालची फूटभर पानं कात्रीने काढून जाळा किंवा लांब पुरा, कंपोस्टात नको. कुंड्यांमध्ये दोन हात अंतर.

श्रीवर्धनचा_पुण्यात: आमच्याकडे सुपारीवर बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, मारतात तेच मारा. 10 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्ध्या लिटर पाण्यात, 10 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, प्लॅस्टिकच्याच बादल्या घ्या, मग मोरचूद चुन्यात ओता, उलटं नाही. लोखंडी खिळा बुडवून बघा, तांबूस झाला तर चुना वाढवा नाहीतर पानं जळतील. त्याच दिवशी संपवा. आलेले डाग जाणार नाहीत, नवीन पानं वाचतील.

सिंहगडरोडकर: पण आई रासायनिक काही मारू देत नाही.

श्रीवर्धनचा_पुण्यात: मोरचूद रसायनच आहे, खोटं कशाला सांगू. पण सेंद्रिय शेतीत पण बेताने चालतं. फळं धुऊन खा. आणि खरं सांगू का, कोकणात पावसाळ्यात टोमॅटो कोण लावतं? पाऊस गेला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावा, काही न करता येतील.

सिंहगडरोडकर: शनिवारी जातोय, प्लॅस्टिक काढतो. तीन रोपं आईने कालच उपटली म्हणे. मोरचूद मार्केट यार्डातून घेऊन जाऊ का?

श्रीवर्धनचा_पुण्यात: अहो सुपारीच्या मुलखात मोरचूद पुण्याहून नेताय! तिथल्या कृषी सेवा केंद्रात मिळेल.