पैसे मोजून गळ टाकण्याबद्दल

'पैसे देऊन तळ्यावर जाणं म्हणजे मासेमारीच नव्हे' हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटतं. खासगी तळ्यात मासे सोडलेले असतात, दाटीही जास्त असते, त्यामुळे नवख्याला किंवा लहान मुलाला पहिल्याच दिवशी दोरीला ओढ जाणवते. ती ओढ एकदा हाताला कळली की माणूस कायमचा गळाला लागतो. पण तिथले मासे सोपे असतात हा गैरसमज आहे. पकडून परत सोडण्याची पद्धत असेल, तर तोच कार्प अनेकदा गळाला लागलेला असतो आणि जाड दोरी किंवा उघडा गळ दिसला की आमिषाला तोंडही लावत नाही.

नदीवर मात्र पाणी वाचावं लागतं. खडकामागचं संथ पाणी, प्रवाह आणि डोह यांच्या मधली कड, झाडाची सावली. मासा तिथे कमी ताकद खर्चून थांबतो आणि वाहत येणारं खाणं टिपतो. हे तळ्यावर शिकता येत नाही.

तळ्याची मला खरी काळजी वाटते ती उन्हाळ्यात. रात्रभर वनस्पती आणि शेवाळही श्वसन करतात, म्हणून पहाटे पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. दाटीच्या तळ्यात तेव्हा दमवलेला मासा सोडला तरी जगेलच असं नाही. मालकाला हे आधी विचारा. उलटा काटा नसलेला गळ वापरा आणि ओल्या हातानेच मासा धरा, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. नदीवरही हेच, शिवाय विणीच्या काळात गळ घरीच ठेवा.